खताच्या ढिगातील वारा : उकिरड्यापासून नाडेपपर्यंत

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, अशी आपल्या मराठीत एक जुनी म्हण आहे. माणसाचे दिवस कधी ना कधी पालटतात, एवढाच तिचा अर्थ आपण घेतो. परंतु म्हण शब्दशः घेतली तर तीत एक प्रश्न दडलेला दिसेल. गोठ्यातील शेण आणि घरातील काडीकचरा यांचे सोने होण्यास इतका दीर्घ काळ का लागावा? गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाचे उत्तर शोधले गेले आणि वर्षानुवर्षांचे काम तीन-चार महिन्यांत होऊ लागले. त्या उत्तराचे नाव आहे ‘हवा’. प्रस्तुत लेखात या शोधाचा इतिहास थोडक्यात सांगण्याचा प्रयत्न आहे.

कापडाच्या पेढीवर आयुष्य घालविलेल्या माणसाने खतासंबंधी का लिहावे, असे काही सुज्ञ वाचकांस वाटेल. मोहोळसारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न पडू नये. रब्बीची ज्वारी साधली तर उन्हाळ्यातील लग्नसराईत आमच्या दुकानांतून बस्ते बांधले जातात. ज्वारी गेली तर गठ्ठे मांडणीवर तसेच राहतात. ज्या मालदांडी ज्वारीचे नाव महाराष्ट्रभर घेतले जाते, तिचा ‘एम ३५-१’ हा निवड वाण १९३० च्या दशकात आपल्या मोहोळच्याच संशोधन केंद्रावर तयार झाला. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाल्यानंतर जिल्ह्यात ऊस वाढला, पुढे द्राक्ष-डाळिंबाच्या बागा आल्या. पीक कोणतेही असो, जमिनीचा कस टिकला तरच शेतकरी टिकतो आणि शेतकरी टिकला तरच बाजारपेठ टिकते. हा हिशेब व्यापाऱ्याइतका दुसऱ्या कोणास कळणार?

पूर्वीच्या प्रत्येक गावात घरोघरचा उकिरडा असे. गोठ्यातील शेण, गव्हाणीत उरलेली वैरण, चुलीतील राख, अंगणातील केर असे सारे एका खड्ड्यात वर्षभर पडत राही आणि मृगाच्या आधी गाड्या भरून शेतात जाई. शेणाचा मोठा वाटा मात्र खड्ड्यापर्यंत पोहोचतच नसे; त्याच्या गोवऱ्या होत. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ च्या ग्रंथात शेताच्या कसाचा विचार मांडला आहे. डोंगरावरील पालापाचोळा कुजून पावसाच्या पाण्याबरोबर शेतात येई, तो लाभ शेतकऱ्यास पुन्हा मिळावा म्हणून जागोजागी ताली-बंधारे घालावेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने हिंदुस्थानभर दौरा करून १८९३ साली शेतीसुधारणेवरील आपला अहवाल प्रसिद्ध केला. इथला शेतकरी अडाणी आहे म्हणून शेण जाळतो असे नव्हे, त्यास लाकूडफाटा मिळत नाही म्हणून तो जाळतो, हे त्यांनी स्पष्टपणे नोंदविले. जळणासाठी वेगळी राने राखा, म्हणजे शेण शेतात जाईल, ही त्यांची सूचना होती.

शेण वाचविणे हा प्रश्नाचा अर्धा भाग झाला. वाचलेले शेण कुजते कसे, हा उरलेला अर्धा भाग होय. खोल खड्ड्यात ओले शेण साचत गेले की वरच्या थरांच्या भाराने खालचा माल दबतो आणि त्यातील पोकळी नाहीशी होते. कुजविण्याचे काम करणारे सूक्ष्म जीव दोन प्रकारचे असतात. एकास प्राणवायू लागतो. दुसरा प्राणवायूवाचून जगतो. पहिल्याचे काम वेगाने चालते आणि त्यातून इतकी उष्णता निघते की चांगल्या रचलेल्या ढिगाचे तापमान काही दिवसांतच ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. या उष्णतेत तणांचे बी मरते आणि रोगजंतूंचा नाश होतो. दुसऱ्याचे काम संथ असते. त्यातून मिथेन आणि दुर्गंधी वायू बाहेर पडतात, ढीग तापत नाही आणि बी जिवंत राहते. उकिरड्यातील खत शेतात टाकल्यावर तणच अधिक माजते, अशी शेतकऱ्याची तक्रार असते, तिचे मूळ येथे आहे. शिवाय उघड्या खड्ड्यातील कस पावसात झिरपून जातो व उन्हात नत्र उडून जाते. सारांश, उकिरड्यात माल सर्व असतो. नसतो तो वारा.

ही गोष्ट शास्त्रीय रीतीने हाती घेण्याचे श्रेय अल्बर्ट हॉवर्ड यांचेकडे जाते. १९०५ साली ते बिहारमधील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही शास्त्रज्ञ होत्या आणि दोघांनी मिळून संशोधन केले. १९२४ साली इंदूर येथे वनस्पती-उद्योग संस्थेची स्थापना झाली. होळकर दरबाराने तीस जमीन दिली आणि मध्यवर्ती कापूस समितीने अर्थसाहाय्य केले. कापसाच्या लागवडीसाठी निघालेल्या या संस्थेत हॉवर्ड यांनी खताचाही प्रश्न सोडविला, ही गोष्ट कापडाच्या धंद्यातील माणसास विशेष जवळची वाटते. चीन-जपानमधील शेतकरी चाळीस शतके जमिनीचा कस कसा राखून आहेत, हे फ्रँकलिन किंग या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९११ च्या ग्रंथात सांगितले होते. त्याचाही हॉवर्ड यांचेवर प्रभाव होता. १९३१ साली शेतीतील टाकाऊ मालापासून खत करण्यासंबंधी त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यावर सहलेखक म्हणून यशवंत वाड हे नाव आहे. मराठी वाचकांनी ते विसरू नये.

या पद्धतीस हॉवर्ड यांनी कृतज्ञतेने इंदूरचेच नाव दिले. तिची मांडणी साधी होती. पऱ्हाट्या, पालापाचोळा, तण असा कोरडा माल प्रथम जनावरांच्या पायाखाली पसरावा. तो मूत्राने भिजला व तुडविला गेला की शेण, गोठ्यातील मुरलेली माती व राख यांसह उथळ खड्ड्यात थरांनी रचावा. खड्डा खोल नको, कारण हवा फार खोलवर आपोआप पोहोचत नाही. रचतानाच पहारीने उभी भोके पाडून वाऱ्यास वाट ठेवावी. मग साधारण पंधरा दिवसांनी, महिन्याने व दोन महिन्यांनी असा तीन वेळा ढीग उलथावा. प्रत्येक उलथणीबरोबर आतील दबलेला माल मोकळा होऊन नवी हवा खेळे. सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीचा वास असलेले खत तयार होई. १९३५ साली महात्मा गांधी इंदुरास गेले असता त्यांनी ही संस्था पाहिली आणि त्याच वर्षी ‘हरिजन’मधून या पद्धतीची माहिती देशापुढे ठेवली. ग्रामसफाई आणि खत यांची सांगड गांधीविचाराच्या कार्यकर्त्यांनी पुढेही सोडली नाही. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्यापासून सोनखत करण्याचे काम केले, ते याच परंपरेतील होय.

इंदूर पद्धतीत एकच अडचण होती, पण ती मोठी होती. ढीग उलथणार कोण? कित्येक गाड्या ओला माल तीन वेळा वरखाली करावयाचा तर मजूर हवेत, आणि ज्या दिवसांत ढीग उलथावयाचा त्याच दिवसांत पेरणी, खुरपणी वा काढणी असते. या प्रश्नावर १९३९ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेतील डॉ. सी. एन. आचार्य यांनी वेगळे उत्तर दिले. शहरातील केर व मैला खंदकात थरांनी भरून वर चिखलाने लिंपावा. आरंभीचे आठ-दहा दिवस आत अडकलेल्या हवेवर ढीग तापतो, पुढे तो हवेवाचून सावकाश कुजत राहतो. उलथणीचा खर्च नाही, माशांचा उपद्रव कमी, पण खत तयार होण्यास सहा ते आठ महिने लागतात. नगरपालिकांना ही पद्धत सोयीची वाटली. म्हणजे एकीकडे श्रम देऊन वेळ वाचविणे आणि दुसरीकडे वेळ देऊन श्रम वाचविणे, असे दोन व्यवहार देशापुढे उभे राहिले. श्रम व वेळ दोन्ही वाचविणारा तिसरा व्यवहार निघाला तो आपल्या महाराष्ट्रात.

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील ना. दे. पांढरीपांडे हे गांधीविचाराचे कार्यकर्ते. हॉवर्ड पुशास होते आणि हे पुसदचे, हा नावांचा योगायोगच म्हणावयाचा! त्यांनी अनेक वर्षे प्रयोग करून खताचे जे टाके सिद्ध केले, ते त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणून ओळखले जाते आणि ते स्वतःही ‘नाडेप काका’ या नावानेच देशभर परिचित झाले. त्यांची मूळ कल्पना अशी की, ढीग हवेकडे नेण्याऐवजी हवाच ढिगाकडे आणावी. जमिनीच्या वर, १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असे विटांचे टाके बांधावयाचे आणि भिंतीत ठराविक अंतरावर विटा सोडून चारी बाजूंनी झरोके ठेवावयाचे. खड्ड्याच्या भिंती वारा अडवितात. या भिंती वारा आत घेतात. उलथणीची गरजच संपली.

टाके भरण्याची रीतही नेमकी आहे. आतून शेणाच्या पाण्याचा सडा मारून प्रथम काडीकचऱ्याचा सुमारे सहा इंचांचा थर द्यावा. त्यावर सुमारे चार किलो शेण पाण्यात कालवून शिंपडावे. मग काच-खडे काढलेली चाळलेली कोरडी माती पसरून पाणी शिंपडावे. असे थर टाक्याच्या वर दीड फूट येईपर्यंत झोपडीच्या आकारात रचून सारे शेण-मातीने लिंपून टाकावे. दोन-तीन आठवड्यांत माल खाली बसतो, तेव्हा पुन्हा भरून पुन्हा लिंपावे. पुढे ओल राखावयाची आणि भेगा पडल्या की बुजवावयाच्या, एवढेच काम. भरणी एक-दोन दिवसांतच पुरी करावी, कारण रोज थोडे थोडे टाकल्यास ढीग तापत नाही. ९० ते १२० दिवसांत खत तयार होते. विटा परवडत नसतील तेथे बांबूचे टाकेही करतात. आज रोजगार हमी योजनेतील अनुज्ञेय कामांत नाडेप टाक्याचा समावेश आहे.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने या टाक्याचा जमाखर्च पाहू. एका टाक्यास काडीकचरा १४०० ते १५०० किलो, शेण ९० ते १०० किलो, कोरडी माती सुमारे १७५० किलो आणि पाणी १५०० ते २००० लिटर लागते. त्यातून सुमारे तीन टन खत निघते. एक गाय रोज दहा किलो शेण देते असे धरले तर वर्षाचे ३६५० किलो होते, म्हणजे छत्तीस टाक्यांचे शेण. एका गाईच्या शेणातून वर्षाला ८० ते १०० टन खत, असे जे सांगितले जाते ते या हिशेबावर. आकडा चुकीचा नाही, परंतु त्याच्या पोटातील नोंदी वाचल्या पाहिजेत. तीन टनांच्या या मालात निम्म्याहून अधिक वजन घातलेल्या मातीचेच असते. ही माती निरुपयोगी नाही. ती ओल धरते, नत्र उडू देत नाही आणि स्वतः जिवाणूंनी समृद्ध होते. तथापि ती जमेच्या बाजूस धरताना खर्चाच्या बाजूसही धरावी. दुसरी नोंद अधिक महत्त्वाची आहे. छत्तीस टाक्यांस पन्नास टनांहून अधिक काडीकचरा हवा. तो एका गाईच्या मालकापाशी असतो काय?

येथे आपल्या तालुक्याचा प्रश्न उभा राहतो. ज्वारीचा कडबा जनावरे खातात, तुरीच्या तुऱ्हाट्या चुलीत जातात. परंतु उसाचे पाचट हेक्टरी आठ ते दहा टन निघते आणि तोडणीनंतर अनेक फडांत ते पेटवून दिले जाते. एका बाजूस पाचटाचा धूर आणि दुसऱ्या बाजूस दबून सडणारे शेण, असे चित्र आपण दरवर्षी पाहतो. पाचटात कर्ब भरपूर व नत्र अगदी कमी. शेणात ओल व नत्र त्या मानाने अधिक. कुजण्यास कर्ब व नत्र यांचे प्रमाण सुमारे तीसास एक असे असावे लागते. म्हणजे या दोन वस्तू एकमेकींच्या गिऱ्हाईक आहेत, पण त्यांची गाठ पडत नाही. पाचटाचे तुकडे ओल्या शेणात मिसळले की ढिगात पोकळी राहते आणि हवाही आपोआप खेळते. म्हणून कोरड्या मालास मी केवळ खाद्य मानीत नाही; तो ढिगाचे फुप्फुस आहे.

मोठ्या प्रमाणावर खत करावयाचे तर हाताने उलथणे शक्य नाही व झरोक्यांची टाकीही पुरत नाहीत. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात बेल्ट्सव्हिल येथील सरकारी कृषी संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात शहरी सांडपाण्याच्या गाळावर एक पद्धत बसविली गेली. गाळात लाकडाचे तुकडे मिसळून ढीग रचावयाचा, त्याखाली भोके पाडलेले नळ घालावयाचे आणि पंख्याने त्यातून हवा खेळवावयाची. ढीग जागचा हलत नाही आणि सुमारे तीन आठवड्यांत जोराचे कुजणे आटोपते. पुढे महिनाभर तो मुरू द्यावयाचा. नाडेपच्या झरोक्यांतून वारा स्वतः येतो, येथे तो विजेच्या जोरावर आणला जातो, एवढाच फरक. आपल्याकडे साखर कारखान्यांनी तिसरा मार्ग धरला. टाकळी सिकंदर येथील भीमा सहकारी साखर कारखान्यामुळे मोहोळ तालुक्यास साखरधंद्याचा परिचय आहेच. गाळपात निघणारी मळी, म्हणजे प्रेसमड, उसाच्या वजनाच्या तीन-चार टक्के असते. तिच्या लांब रांगा घालून त्यांवर आसवनीचे सांडपाणी मुरवितात आणि यंत्राने त्या वरचेवर उलथतात. अशा रीतीने दीड-दोन महिन्यांत खत होते आणि नदीत जाऊ पाहणारे दूषित पाणीही जिरते.

हा इतिहास आपल्या समाजाशी आणखी एका वाटेने जोडलेला आहे. १८३४ साली सर जमशेटजी जिजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरापोळ स्थापन झाला. अशा संस्थांसाठी व्यापारी आपल्या मालाच्या उलाढालीवर स्वखुशीने लागा देत. गेली पावणेदोनशे वर्षे व त्याहून अधिक काळ भाकड व वृद्ध जनावरांचा सांभाळ हा आपण दयाधर्म मानला. त्या दयेच्या वहीत शेणाचे पान मात्र बहुधा कोरेच राहिले. शंभर जनावरांच्या गोशाळेत रोज सुमारे एक टन शेण पडते. ते दारापाशी ढिगाने साचले तर पावसाळ्यात त्यात अळ्या व माश्या पडतात, दुर्गंधी सुटते आणि झिरपा विहिरीपर्यंत जातो. ढीग तापतो तेव्हा जीव मरतात, मग हे करावे कसे, अशी शंका काही श्रद्धाळू बंधू घेतात. शंका आदराने घ्यावी. परंतु उघड्या, ओल्या शेणात प्रथम असंख्य जीव उत्पन्न होऊ द्यावयाचे आणि मग ते पायाखाली किंवा उन्हात मरू द्यावयाचे, यात यतना कोठे राहिली? ताजे शेण त्याच दिवशी कोरड्या मालात मिसळून झाकले तर माशीस अंडी घालण्यास जागाच राहत नाही. जीवोत्पत्तीचे निमित्त टाळणे हेच येथे विवेकाचे काम होय.

मात्र गोशाळेने डोळे मिटून नाडेपची टाकी बांधू नयेत, असे हिशेब सांगतो. रोजच्या एक टन शेणास नाडेपच्या प्रमाणाने दहा टाकी आणि चौदा-पंधरा टन काडीकचरा लागेल, आणि तोही दररोज! ही पद्धत ज्याच्यापाशी जनावरे थोडी व काडीकचरा पुष्कळ, अशा शेतकऱ्यासाठी आहे. जेथे शेण पुष्कळ व कचरा थोडा, तेथे शेणाचा एक भाग गोबरगॅस संयंत्रास द्यावा. सुमारे २५ किलो शेणापासून एक घनमीटर वायू मिळतो आणि हवेवाचून कुजण्याचा जो मिथेन उकिरड्यावर वाया जाऊन वातावरण तापवितो, तोच येथे चुलीत जळतो. संयंत्रातून निघालेली रबडी आणि उरलेले शेण पाचटाच्या तुकड्यांत मिसळून चार-पाच फूट उंचीच्या रांगा घालाव्यात व त्या यंत्राने उलथाव्यात, किंवा खाली नळ घालून हवा द्यावी. केंद्र शासनाची २०१८ सालची ‘गोबरधन’ योजना याच दिशेची आहे. पाचट मात्र आजूबाजूच्या ऊसकऱ्यांकडूनच आणावे लागेल आणि त्याच्या मोबदल्यात तयार खताचा वाटा त्यांस द्यावा लागेल. हा सौदा दोघांच्याही फायद्याचा आहे. फक्त कोणीतरी मध्यस्थी करावयास हवी. ते तर आपल्या लोकांचे पिढीजात काम.

खत नीट होत आहे की नाही हे तपासण्यास प्रयोगशाळा लागत नाही. ढिगातील मूठभर माल आवळून पाहावा. हात ओला व्हावा, पण थेंब गळू नयेत. थेंब गळले तर पाण्याने हवेची जागा घेतली असे समजून कोरडा माल घालावा. एक लोखंडी सळई ढिगात खोल खुपसून काही वेळाने बाहेर काढावी. पहिल्या आठवड्यात ती हातास चटका देणारी लागली तर काम चालू आहे. थंड व दुर्गंधी लागली तर आत वारा पोहोचत नाही. तयार खतास पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो.

इंदूरच्या पहारीपासून पुसदच्या झरोक्यापर्यंत आणि तेथून बेल्ट्सव्हिलच्या पंख्यापर्यंतचा हा प्रवास एकाच गोष्टीभोवती फिरतो. शेण होते, कचराही होता; त्यांच्यामध्ये वाऱ्यास वाट करून देणे, एवढेच प्रत्येकाने आपापल्या परीने केले. येत्या गळीत हंगामात फडातील पाचट पेटण्यापूर्वी तालुक्यातील एखादी गोशाळा व दहा-बारा ऊसकरी यांची बैठक जरी घडून आली, तरी हा इतिहास मोहोळात पुढे चालू राहील.